जुने कन्सोल गेम कायद्याच्या चौकटीत जमवायचे आणि खेळायचे कसे

एम्युलेटर कुठला घ्यायचा, हे नवा माणूस सगळ्यात आधी विचारतो. त्याचं उत्तर पाच मिनिटांत मिळतं. खरा वेळ द्यायला हवा तो दुसऱ्याच प्रश्नाला: गेमची फाइल तुमच्याकडे आली कुठून? याचं सरळ उत्तर देता आलं, की पुढची सगळी खटपट निर्धास्तपणे करता येते. म्हणून सुरुवात कायद्यापासून करतो. रुक्ष वाटला तरी हा भाग गाळू नका.

कायदा काय म्हणतो

एम्युलेटर म्हणजे जुन्या कन्सोलची सगळी वागणूक संगणकावर किंवा फोनवर हुबेहूब वठवणारा प्रोग्रॅम. दुसऱ्याचा कोड न उचलता तो लिहिला असेल, तर तो वापरण्यात गैर काही नाही. या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल अमेरिकेतला आहे. कनेक्टिक्स या कंपनीने प्लेस्टेशनचे गेम मॅकवर चालवणारा प्रोग्रॅम काढला, सोनीने दावा लावला आणि २००० साली अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. यंत्र कसं चालतं हे समजून घेण्यासाठी त्याच्या कोडची चिरफाड करणं न्याय्य वापरात बसतं, असं न्यायालयाने मानलं.

गेमची गोष्ट वेगळी. कार्ट्रिजमधल्या (कन्सोलमध्ये खोचायच्या गेमच्या डबीतल्या) चिपवर जे लिहिलेलं असतं, त्याची फाइल म्हणजे रॉम, आणि त्यावर कॉपीराइट असतो. तो लवकर संपतही नाही. अमेरिकेत कंपनीच्या नावे प्रसिद्ध झालेल्या कामाला प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण आहे. म्हणजे १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स तिथे २०८० च्या अखेरपर्यंत संरक्षित राहणार.

काही समजुती इतक्या वर्षांपासून फिरताहेत की नवख्याला त्या कायदाच वाटतात. 'उतरवून २४ तासांत डिलीट केलं तर चालतं' असा कुठलाही नियम नाही. 'कंपनी बुडाली, आता गेम कुणाचाच नाही' हेही खोटं. हक्क विकले जातात, वारशाने जातात, कुणाच्या तरी कपाटात पडून राहतात, पण नाहीसे होत नाहीत. 'माझ्याकडे कार्ट्रिज आहे, मग नेटवरून तीच फाइल घेतली तर बिघडलं कुठे?' हा युक्तिवाद तसा समजण्यासारखा आहे, पण जिने ती फाइल ठेवली त्या साइटला ती वाटायचा हक्क नसतो आणि तुमच्या मालकीमुळे तो तिला मिळत नाही.

आता एक गोष्ट मनापासून खटकते तीही सांगतो. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या क्लासिक गेमपैकी ८७ टक्के गेम आज अधिकृतपणे विकत मिळतच नाहीत, असं त्यात आढळलं. इतकं मोठं भांडार कुलपात असणं वाईटच आहे. पण त्यावर उपाय कायदा बदलण्यात, ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना मोकळीक मिळवून देण्यात आहे. तोवर आपण आपल्या हातातल्या वाटांनी जायचं.

त्या वाटा तीन. निर्मात्याने स्वतः फुकट किंवा विकत दिलेली रॉम. हक्कदार कंपनीने विकलेले अधिकृत संच. आणि स्वतःच्या मालकीच्या कार्ट्रिजची वा डिस्कची स्वतः काढलेली प्रत. या तिसऱ्या वाटेबद्दल देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत: कुठे खासगी प्रतीला सूट आहे, कुठे नाही, आणि कुलूपबंद माध्यमाचं कुलूप तोडणं बऱ्याच ठिकाणी वेगळा गुन्हा ठरतो. आपल्या देशातली तरतूद एकदा वाचून घ्या. कुलपाचा मुद्दा किती जड पडू शकतो, हे २०२४ मध्ये दिसलं. निंटेंडोच्या स्विच या कन्सोलचा एम्युलेटर बनवणाऱ्या युझूवर निंटेंडोने दावा लावला आणि २४ लाख डॉलरच्या तडजोडीवर तो प्रकल्प बंद झाला. दाव्याचा मुख्य रोख एन्क्रिप्शन, म्हणजे गेमवरचं सांकेतिक कुलूप, फोडण्यावर होता. जुन्या कार्ट्रिजवरच्या गेमना असं एन्क्रिप्शन सहसा नसतं. नवख्याने त्या काळापासूनच सुरुवात करावी याचं हेही एक कारण.

पायरी पहिली: फुकट आणि हक्काच्या गेमपासून सुरुवात

जुन्या कन्सोलसाठी आजही नवे गेम लिहिले जातात. त्यांना होमब्रू म्हणतात. पुष्कळ जणांना हे ठाऊकच नसतं, म्हणून मी नेहमी इथूनच सुरुवात करायला सांगतो.

गेमबॉय या निंटेंडोच्या हातातल्या कन्सोलसाठी टोबू टोबू गर्ल घ्या: २०१७ चा, सोर्स कोडसकट खुला. डेडियस हा २०१९ चा भयपट धाटणीचा गेम जीबी स्टुडिओ या मोफत साधनात बनलेला आहे. एनईएस या निंटेंडोच्या जुन्या घरगुती कन्सोलसाठीचा मायक्रो मेजेस विकत घ्यावा लागतो, पण सोबत रॉम मिळते आणि ती कुठल्याही एम्युलेटरवर चालवता येते. हा अख्खा गेम, चार खेळाडूंच्या सोयीसह, ४० किलोबाइटमध्ये बसवला आहे. मूळ सुपर मारिओ ब्रदर्सही तेवढ्याच जागेत होता. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलवर झीनो क्रायसिस आहे. असे शेकडो गेम इच डॉट आयओ या साइटवर सापडतील. तिथे कन्सोलचं नाव टाकून शोधा आणि निर्मात्याच्याच पानावरून घ्या.

याचा एक व्यवहारी फायदाही आहे. फाइल थेट निर्मात्याकडून आलेली असल्याने ती चांगली आहे याची खात्री असते. त्यामुळे गेम चालला नाही तर दोष तुमच्या मांडणीत आहे हे लगेच कळतं. संशयास्पद फाइल घेऊन बसलं की दोष फाइलचा, एम्युलेटरचा की पॅडचा (बटणांच्या कंट्रोलरचा), हे शोधण्यातच संध्याकाळ जाते.

पायरी दुसरी: एम्युलेटर बसवा

एकाच कन्सोलपासून सुरू करा. पंधरा कन्सोलांची मांडणी एकदम करायला घेतलेले लोक सेटिंगमध्येच अडकतात आणि खेळत मात्र काहीच नाहीत.

एनईएससाठी मेसेन उत्तम. त्यानंतरच्या सुपर एनईएससाठी स्नेस९एक्स हलका आणि भरवशाचा. ज्यांना मूळ यंत्राशी तंतोतंत जुळणारी अचूकता हवी त्यांनी बीस्नेस घ्यावा. निअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमरने २००४ मध्ये तो सुरू केला आणि अचूकतेचा आग्रह काय असतो हे या क्षेत्राला दाखवून दिलं. गेमबॉय आणि गेमबॉय ॲडव्हान्ससाठी एमजीबीए. पहिल्या प्लेस्टेशनसाठी डकस्टेशन, दुसऱ्यासाठी पीसीएसएक्स२, सोनीच्या हातातल्या पीएसपीसाठी पीपीएसएसपीपी, निंटेंडोच्या गेमक्यूब आणि वी या कन्सोलांसाठी डॉल्फिन. रेट्रोआर्क हे एक छत्र आहे: त्यात प्रत्येक कन्सोलचा 'कोअर' (त्या कन्सोलचा एम्युलेटर) वेगळा उतरवून एकाच ठिकाणून सगळं चालवता येतं. ताकद प्रचंड, पण मेन्यू पहिल्या भेटीत गोंधळवणारा. आधी एखादा सुटा एम्युलेटर वापरा, मग रेट्रोआर्ककडे वळा. आयफोनवर पूर्वी हे सहजासहजी जमत नसे. २०२४ च्या एप्रिलमध्ये ॲपलने नियम सैल केले आणि आता डेल्टासारखी ॲप सरळ ॲप स्टोअरवर आहेत.

हे सगळे एम्युलेटर मोफत आहेत. कुणी त्यांचे पैसे मागत असेल किंवा 'गेमसकट पॅक' देत असेल, तर मागे फिरा. शोधयंत्रात वर दिसणारी साइट अधिकृतच असेल असं नाही. प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावरूनच उतरवा.

बायोसचं, म्हणजे कन्सोल सुरू करणाऱ्या त्याच्या आतल्या प्रोग्रॅमचं प्रकरण इथेच समजून घ्या. एनईएस, सुपर एनईएस, मेगा ड्राइव्ह आणि गेमबॉयचे बहुतेक गेम त्याशिवाय चालतात. पहिल्या प्लेस्टेशनला मात्र सुरू होताना चालणारा ५१२ किलोबाइटचा एक प्रोग्रॅम लागतो, आणि तो सोनीच्या मालकीचा आहे. तो स्वतःच्या यंत्रातून काढायचा असतो. काही एम्युलेटरांमध्ये त्याला पर्यायी, नव्याने लिहिलेला बायोस असतो. सगळे गेम त्यावर नीट चालत नाहीत, पण सुरुवातीला तेवढा पुरतो.

आता पडद्याविषयी थोडं सविस्तर, कारण इथे बहुतेकांची निराशा होते. जुना गेम नव्या टीव्हीवर लावला की तो चौकोनी ठोकळ्यांचा, कर्कश रंगांचा दिसतो आणि माणूस म्हणतो, आठवणीत तर छान होता. आठवण खोटी नसते. हे गेम काचेच्या जुन्या टीव्हीसाठी काढलेले होते. मेगा ड्राइव्हवरच्या पहिल्या सॉनिकमधला ग्रीन हिलचा धबधबा पाहा. आजच्या पडद्यावर तिथे उभ्या पट्ट्या दिसतात: एक रेघ पाण्याची, एक रिकामी. जुन्या टीव्हीला साध्या पिवळ्या पिनेच्या वायरने जोडलं की शेजारशेजारच्या रेघा एकमेकींत मिसळत आणि पारदर्शक पाणी दिसे. यंत्राला खरी पारदर्शकता जमत नव्हती, म्हणून चित्रकाराने वायरचा दोष कामाला लावला. हा परिणाम परत मिळवायला एम्युलेटरमध्ये 'शेडर', म्हणजे चित्रावर जुन्या टीव्हीसारखा परिणाम चढवणारे छोटे प्रोग्रॅम असतात. सीआरटी नावाने सुरू होणारे दोन-तीन लावून पाहा. धबधब्यासाठी मात्र कंपोझिट (त्या पिवळ्या पिनेच्या) किंवा एनटीएससी सिग्नलची नक्कल करणारा शेडर हवा, नुसत्या आडव्या रेघांनी काम होत नाही.

त्याचबरोबर चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा. १६:९ वर ताणलं की सगळी पात्रं बुटकी होतात.

बटण दाबल्यावर उडी उशिरा येत असेल तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. नाहीच भागलं तर रेट्रोआर्कमध्ये 'रन अहेड' आहे: एक फ्रेम पुढचं चित्र आधीच काढून ठेवतो. एकावर ठेवा, जास्त वाढवू नका. आणि शक्य असेल तर वायरचा पॅड वापरा.

पायरी तिसरी: अधिकृत संच

हक्कदार कंपन्यांनी काढलेले संग्रह हा सगळ्यात सोपा मार्ग. निंटेंडोचे जुने गेम स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात आहेत. २०२२ चा अटारी ५० हा संग्रह मला विशेष आवडतो, कारण त्यात गेमच्या मध्ये मुलाखती, रेखाटनं आणि कालरेषा गुंफली आहे. संग्रहालयात फिरल्यासारखं वाटतं. एव्हरकेड हा नवा कन्सोल परवानाधारक जुने गेम प्रत्यक्ष कार्ट्रिजवर देतो.

डिजिटल खरेदीवर मात्र कायमचा भरवसा ठेवू नका. वी चं दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं, ३डीएस आणि वी यू चं २७ मार्च २०२३ ला. स्टीमवरचा सेगाचा मेगा ड्राइव्ह संग्रह २०२४ च्या डिसेंबरात विक्रीतून काढला गेला. त्या संग्रहाच्या फोल्डरमध्ये रॉम फाइली उघड्याच असत. एखादा संच घ्यायचा मनात असेल तर टाळत बसू नका, आणि घेतल्यावर लगेच उतरवून ठेवा.

पायरी चौथी: खरं कार्ट्रिज विकत घेताना

बनावट माल सगळ्यात जास्त गेमबॉय आणि ॲडव्हान्सच्या लोकप्रिय गेममध्ये, त्यातही पोकेमॉनमध्ये आहे. विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: पुढून, मागून आणि खालच्या पिनांचा जवळून. अस्सल ॲडव्हान्स कार्ट्रिजच्या पिनांच्या वरच्या कडेला बोर्डावर निंटेंडोचं नाव छापलेलं दिसतं. लेबलावर तिरक्या उजेडात पाहिलं की दोन अंकांचा हलका दाबलेला ठसा दिसतो. लेबलाची छपाई धूसर, प्लास्टिकचा रंग किंचित वेगळा, स्क्रू भलत्याच प्रकारचा, यांपैकी काहीही दिसलं तर सोडून द्या. विक्रेता पिनांचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तेच उत्तर समजा.

उघडायला साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही. सुपर एनईएस, निंटेंडो ६४ आणि जुन्या गेमबॉयच्या कार्ट्रिजना ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो, ॲडव्हान्सला तीन पात्यांचा.

घरी आणल्यावर पहिलं काम पिना पुसण्याचं. ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, एका दिशेने हलक्या हाताने. काडी काळी निघत राहील तोवर बदलत राहा, मग पूर्ण वाळू द्या. फुंकर मारू नका. फुंकरीने गेम चालायचा असं वाटतं, कारण प्रत्येक वेळी कार्ट्रिज काढून पुन्हा बसवलं जातं. काम त्या बसवण्याने होतं आणि फुंकरीतला ओलावा पिना गंजवतो.

मग बॅटरी. पुष्कळ कार्ट्रिजमध्ये सेव्ह जपण्यासाठी नाण्याएवढी बॅटरी डाख देऊन जोडलेली असते. ती काढली की सेव्ह गेलं. म्हणून आधी सेव्ह संगणकावर उतरवा, मगच बॅटरीला हात लावा. गोल्ड आणि सिल्व्हर पोकेमॉनमध्ये घड्याळही त्याच बॅटरीवर चालतं, त्यामुळे त्या लवकर संपतात. रुबी, सफायर आणि एमराल्डमध्ये उलट आहे: बॅटरी संपल्याचा संदेश आला तरी सेव्ह शाबूत असतं, कारण ते फ्लॅश चिपवर असतं, बंद पडतं ते फक्त घड्याळ. हे माहीत नसल्याने चांगली कार्ट्रिजं लोक खराब समजून काढून टाकतात.

प्रदेशाचं एकच लक्षात ठेवा: युरोपातल्या त्या काळच्या बऱ्याच आवृत्त्या ५० हर्ट्झवर चालत आणि ६० हर्ट्झच्या मूळ गेमपेक्षा साधारण १७ टक्के मंद होत. वेगाला महत्त्व असेल तर जपानी किंवा अमेरिकी आवृत्ती घ्या.

पायरी पाचवी: स्वतःची प्रत काढणे

यासाठी डम्पर नावाचं, कार्ट्रिजमधला मजकूर संगणकावर उतरवणारं उपकरण लागतं. गेमबॉय आणि ॲडव्हान्ससाठी जीबी ऑपरेटर नवख्याला सगळ्यात सोपा: कार्ट्रिज खोचा, यूएसबी लावा, सोबतचा प्रोग्रॅम उघडा. रेट्रोड २ मध्ये सुपर एनईएस आणि मेगा ड्राइव्हचे खाचे आहेत आणि तो संगणकाला पेन ड्राइव्हसारखा दिसतो. हाताने बांधायची आवड असेल तर सान्नी या नावाच्या निर्मात्याचा ओपन सोर्स कार्ट रीडर आहे, आर्डुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डावर आधारलेला. तो डझनावारी प्रकारची कार्ट्रिजं वाचतो.

क्रम असा ठेवा. पिना पुसा. आधी सेव्ह उतरवा. मग रॉम उतरवा. कार्ट्रिज काढून पुन्हा बसवा आणि रॉम दुसऱ्यांदा उतरवा. दोन्ही फाइलींचं चेकसम काढा. चेकसम म्हणजे फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून निघणारा एक लांबलचक आकडा; एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी तो पूर्ण बदलतो. दोन्ही आकडे सारखे आले तर वाचन स्थिर आहे. आता हाच आकडा नो-इंट्रो या प्रकल्पाच्या यादीशी ताडून पाहा. नो-इंट्रो स्वतः गेम वाटत नाही, तपासलेल्या प्रतींचे चेकसम नोंदवून ठेवतं. तिथे जुळलं की तुमची प्रत बाइट न् बाइट बरोबर आहे.

एनईएसच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. मूळ चिपमधला मजकूर आणि एम्युलेटरला लागणारी फाइल यांत १६ बाइटांचा फरक असतो. कार्ट्रिजच्या आत कोणत्या जातीचा बोर्ड आहे हे त्या १६ बाइटांच्या मथळ्यात लिहिलेलं असतं. म्हणून सुपर मारिओ ब्रदर्सची फाइल ४०,९६० ऐवजी ४०,९७६ बाइटांची भरते. यादीतला आकडा मथळ्याशिवायचा असेल आणि तुमचा मथळ्यासकट, तर प्रत उत्तम असूनही जुळणार नाही. मेसेनसारख्या एम्युलेटरमध्ये गेमच्या माहितीत दोन्ही गोष्टी वेगळ्या दाखवतात.

कार्ट्रिज विकून टाकलंत तर प्रतही काढून टाका. प्रतीचा सगळा आधार ती वस्तू तुमच्याकडे असण्यावर आहे.

डिस्कवाले कन्सोल

पहिल्या प्लेस्टेशनच्या आणि सॅटर्नच्या डिस्क संगणकाच्या साध्या सीडी ड्राइव्हमध्ये वाचता येतात. प्रत बिन आणि क्यू अशा दोन फाइलींच्या जोडीत काढा, आयएसओ या एका फाइलच्या प्रकारात नको, कारण आयएसओमध्ये डिस्कवरचं संगीताचं ट्रॅक गळून पडतं आणि गेम मुका होतो. प्लेस्टेशन २ च्या डीव्हीडीला आयएसओ चालतं. गेमक्यूब, वी आणि ड्रीमकास्टच्या डिस्क साध्या ड्राइव्हला झेपत नाहीत, त्या सहसा कन्सोलमधूनच काढाव्या लागतात. ते काम सुरुवातीला अंगावर घेऊ नका. डिस्कचे चेकसम रीडम्प या प्रकल्पात मिळतात. जुळवून झाल्यावर जागा वाचवायची असेल तर सीएचडी या आवळलेल्या फाइल प्रकारात ठेवा. त्यातून मूळ मजकूर जसाच्या तसा परत काढता येतो.

फाइली आणि सेव्ह सांभाळताना

प्रत्येक कन्सोलचा एक फोल्डर, त्यात गेम, सेव्ह आणि बायोस वेगवेगळे. तपासलेल्या मूळ प्रती 'फक्त वाचन' करून ठेवा आणि पॅच (गेममध्ये बदल करणाऱ्या छोट्या फाइली) वगैरे लावायचे ते नेहमी दुसऱ्या प्रतीवर. एक संच वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि ती डिस्क दुसऱ्या जागी.

एम्युलेटरमध्ये सेव्ह दोन प्रकारचं असतं. एक गेमच्या आतलं, मूळ कार्ट्रिजवर असायचं तेच. दुसरं सेव्ह स्टेट: त्या क्षणीची यंत्राची अख्खी स्थिती. स्टेट सोयीचं आहे, पण एम्युलेटरची नवी आवृत्ती आली की जुनं स्टेट उघडेलच याची खात्री नसते. लांबलचक रोल प्लेइंग गेम खेळत असाल तर गेमच्या आतलं सेव्ह नियमित करा. ते दुसऱ्या एम्युलेटरवर नेता येतं, आणि बरेच डम्पर ते खऱ्या कार्ट्रिजवर परतही लिहितात.

तुमच्या उतरवलेल्या प्रतीचं चेकसम दोनदा सारखं आलं, मथळ्याचा घोळ नाही, कार्ट्रिज अस्सल आहे आणि तरीही यादीत जुळत नसेल, तर फाइल फेकून देऊ नका. गेम पुन्हा छापताना कंपन्या चुका गुपचूप दुरुस्त करत, त्यामुळे एकाच गेमच्या दोन-तीन आवृत्त्या बाजारात असत. लेबलाचा, बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा आणि चिपवरच्या आकड्यांचा स्पष्ट फोटो काढा आणि चेकसमसह नो-इंट्रोकडे कळवा. रॉम पाठवायची गरज नाही. कदाचित तुमच्या हातात अजून नोंद न झालेली आवृत्ती असेल.